नरकासुर, लाकडी सैतान आणि भजनाची कॅसेट : अल्बमची मुखपृष्ठे इतकी विद्रूप का होतात?

अमेरिकेतील संगीताच्या ग्रॅमी पुरस्कारांमध्ये फेब्रुवारी २०२६ च्या सोहळ्यापासून ‘सर्वोत्कृष्ट अल्बम मुखपृष्ठ’ हा विभाग पुन्हा स्वतंत्र झाला आहे. १९५९ च्या पहिल्या सोहळ्यात हा मान होता. पुढे तो वेष्टणाच्या एकंदर मांडणीच्या पुरस्कारात विरून गेला. एकीकडे सर्वांत देखण्या मुखपृष्ठाचा असा गौरव होत असताना दुसरीकडे आपल्या मोबाईलवर सर्वांत कुरूप मुखपृष्ठांची चित्रे फिरत असतात. भलत्याच आकाराची डोकी, आगीत उभे असलेले गायक आणि कशाचा कशाशी मेळ नसलेली पार्श्वभूमी पाहून प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो : हे चित्र छापायला जाण्यापूर्वी कोणी पाहिलेच नव्हते का?

हा प्रश्न मला अनेक वर्षांपूर्वी एका कॅसेटमुळे पडला. फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या भजनी मंडळाने नव्वदच्या दशकात पदरमोड करून ती काढली होती आणि माझे आतेभाऊ तिच्यात पखवाजाला होते. कव्हरवर मधोमध विठ्ठल आहे, त्याच्या डाव्या खांद्यामागून दूधसागर कोसळतो आहे आणि विटेच्या खाली, अंगठ्याच्या नखाएवढे, बुवांचे डोके आहे. ते कात्रीने कापताना त्यांचा डावा कान गेला आहे. केसांभोवती पांढरी कड राहिली आहे. ओठांचा लाल रंग किंचित सरकल्यामुळे त्यांना दोन तोंडे असल्याचा भास होतो. शीर्षक लाल अक्षरांत, त्याला पिवळी किनार आणि तिच्याभोवती निळी सावली. आतले भजन मात्र असे लागले आहे की आजही आमच्या घरी एकादशीला तेच लावले जाते.

इतके उत्तम गाणे इतक्या विचित्र वेष्टणात कसे येते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मुळात मुखपृष्ठ आले कुठून?

जुन्या तबकड्या लाखेपासून बनत आणि त्या लाखेचा मोठा पुरवठा भारतातूनच होत असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असल्यामुळे मोठी रचना ऐकवायची झाली की चार-पाच तबकड्या लागत. त्या एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत, कागदी खिशांमध्ये ठेवून विकल्या जात. ही वही घरातल्या फोटोंच्या अल्बमसारखी दिसे, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. आज हातात घेण्यासारखे काही उरले नसले तरी आपण गाण्यांच्या संचाला अल्बमच म्हणतो.

त्या वह्या बहुधा करड्या किंवा तपकिरी रंगाच्या असत आणि त्यांच्यावर फक्त नाव छापलेले असे. १९४० साली कोलंबिया या अमेरिकी कंपनीतील तेवीस वर्षांच्या ॲलेक्स स्टाइनवाइस या चित्रकाराने प्रत्येक अल्बमला स्वतंत्र चित्र देण्याची कल्पना मांडली. पहिल्या मुखपृष्ठासाठी त्याने न्यूयॉर्कमधील एका नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरील अक्षरे बदलून घेतली आणि त्या झगमगत्या फलकाचे छायाचित्र वापरले. त्यानंतर १९४८ मध्ये कोलंबियानेच एलपी बाजारात आणली. बारा इंचांच्या या तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत बसे आणि तिच्या वेष्टणावर चित्रकाराला सुमारे एकतीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन मिळे. एवढी जागा हाती आल्यावर उत्तम चित्रे निर्माण झाली आणि वाईट चित्रेही तितक्याच हौसेने निर्माण झाली.

दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला गाणे दिसत नाही आणि बहुतेक वेळा विकत घेतल्याशिवाय ऐकताही येत नाही. म्हणून ही वस्तू कोणासाठी आहे आणि आत कोणत्या जातीचे संगीत आहे, हे त्याला दुरूनच सांगणे हे मुखपृष्ठाचे काम असते. बाजारात मासळीवाली पाटीवरचे फडके दूर सारते, त्यातला हा प्रकार आहे.

कुरूप म्हणजे नेमके काय?

गोव्यात राहणाऱ्याला हे समजायला सोपे जावे, कारण कुरूपतेचा एवढा मोठा सार्वजनिक उत्सव क्वचितच कुठे होत असेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर बांबू, गवत आणि कागदाचे नरकासुर उभे राहतात. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, लोंबणारी जीभ. मुले आठवडाभर राबून तो जितका भेसूर करतील तितकी त्यांची वाहवा होते आणि स्पर्धेत बक्षीसही मिळते. त्याच मुलांनी उद्या गणपतीची मूर्ती केली आणि तिचा एक डोळा वर, एक खाली झाला, तर आपण हळहळू. वाकडेपणा दोन्हीकडे आहे, पण नरकासुराचा वाकडेपणा ठरवून आणलेला आहे आणि गणपतीचा हातून घडलेला.

मुखपृष्ठांचेही असेच दोन वर्ग पडतात. आपल्या परंपरेत दोहोंसाठी विचार तयार आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ रसांमध्ये शृंगार आणि वीर यांच्या पंगतीला भयानक, बीभत्स, हास्य आणि अद्भुत यांनाही बसवले आहे. किळस, भीती आणि विस्मय निर्माण करणे हेदेखील कलेचे रीतसर काम आहे, हे आपल्याकडे फार पूर्वी मान्य झालेले होते. हातून घडलेल्या कुरूपतेसाठी अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्राचा औचित्यविचार उपयोगी पडतो. औचित्य म्हणजे ज्याची जागा त्याला मिळणे. तो म्हणतो की मेखला गळ्यात, हार कमरेला, नूपुर हातात आणि बाजूबंद पायात घातले तर माणसाचे हसे होईल. त्यातला प्रत्येक दागिना मात्र आपापल्या परीने सुंदरच असतो. आमच्या कॅसेटवरील विठ्ठल सुंदर आहे, दूधसागर सुंदर आहे आणि बुवांचा चेहराही प्रसन्न आहे.

ठरवून केलेली कुरूपता

पहिल्या ग्रॅमी सोहळ्यात मुखपृष्ठाचा मान फ्रँक सिनात्राच्या अल्बमला मिळाला, त्या चित्रात तो रंग फासलेल्या, दुःखी विदूषकाच्या रूपात आहे. ज्याच्या देखणेपणावर चाहते भाळत होते त्या गायकाचा चेहरा असा विद्रूप करण्यामागे कारण होते : आतली गाणी एकाकी माणसांची होती आणि देखणा चेहरा त्यांच्याशी खोटा ठरला असता.

१९६९ मध्ये किंग क्रिमसन या इंग्रजी वाद्यवृंदाचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्याच्या दर्शनी बाजूस ना नाव होते ना शीर्षक. पूर्ण चौकोन भरून एक लालसर-गुलाबी चेहरा, फाटलेल्या नाकपुड्या, भयाने वर गेलेले डोळे आणि किंकाळी फोडणारे तोंड. हे चित्र बॅरी गॉडबर या तरुणाने काढले होते. त्याचा पेशा संगणकाची प्रणाली लिहिण्याचा होता आणि अल्बम बाहेर पडल्यानंतर काही महिन्यांतच, १९७० मध्ये, तो वारला. आतील पहिले गाणे युद्ध आणि उन्माद यांनी ग्रासलेल्या माणसाचे आहे. ते ऐकून पुन्हा चित्र पाहिले की दुसरे कोणतेही चित्र तिथे शोभले नसते असे मला वाटते. भयानक रसाचे इतके शुद्ध उदाहरण मुखपृष्ठांमध्ये मी दुसरे पाहिलेले नाही.

विचित्रपणाला भीतीचीच जोड लागते असे मात्र नाही. १९७० मध्ये पिंक फ्लॉइडच्या अल्बमवर हिरव्या कुरणात उभी असलेली एक गाय आली. ती मान वळवून मागे पाहते आहे आणि इथेही कव्हरवर एक अक्षर नाही. हा इंग्रजी वाद्यवृंद अंतराळाच्या चित्रांशी जोडला गेला होता आणि त्या ओळखीतून सुटण्यासाठी त्याला अगदी साधी गोष्ट हवी होती. रस्त्यात आडवी बसलेली गुरे रोज पाहणाऱ्या गोवेकराला त्यात विचित्र ते काय असे वाटेल. पण दुकानातल्या शेकडो झगमगत्या चेहऱ्यांच्या रांगेत ती शांत गाय किती वेगळी दिसली असेल याची कल्पना करावी.

ठरवून केलेले सगळेच साधते असेही नाही. १९६६ मध्ये बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदाच्या एका अमेरिकी अल्बमवर चौघेही खाटकाच्या पांढऱ्या कोटात, मांसाचे तुकडे आणि बाहुल्यांचे तुटलेले अवयव अंगावर घेऊन बसलेले दाखवले गेले. ओरड होताच कंपनीने प्रती परत मागवल्या आणि अनेकांवर दुसरे, सौम्य छायाचित्र चिकटवून त्या पुन्हा विकायला पाठवल्या. पुढे संग्राहक वरचा कागद वाफेने सोडवून खालचे चित्र मिळवू लागले. त्या बीभत्साला आतल्या गाण्यांमध्ये आधार नव्हता, त्यामुळे धक्का ओसरल्यावर मागे फक्त किस्सा राहिला, असे माझे मत आहे.

हातून घडलेली कुरूपता

हा वर्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण यात सामान्य माणसे आहेत. मोठ्या कंपनीकडे चित्रकार, छायाचित्रकार आणि चुका पकडणारी नजर असते. गावचे भजनी मंडळ, चर्चचा लहानसा गायकवृंद किंवा स्वतःच्या पैशाने कॅसेट काढणारा गायक यांच्यापाशी एक संध्याकाळ, हाती असलेले चार फोटो आणि अंगावर येणारे छापखान्याचे बिल एवढेच असते.

आमच्या कॅसेटचे प्रत्येक व्यंग तपासून पाहिले तर त्याला कारण सापडते. बुवांचा फोटो कुठल्याशा समारंभातला होता आणि त्यात प्रकाश उजवीकडून पडला होता. विठ्ठलाचे चित्र कॅलेंडरचे होते आणि त्यात तो डावीकडून येत होता. दूधसागराला तर ढगाळ दिवसाचा सपाट उजेड होता. एकाच ठिकाणच्या वस्तूंवर एकाच सूर्याचा प्रकाश पडतो, हे आपल्या डोळ्यांना जन्मापासून माहीत असते. तो मेळ चुकला की कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकते आणि चित्र ‘चिकटवलेले’ वाटते.

दोन तोंडांचे कारण छपाईत आहे. रंगीत चित्र कागदावर एकदम उमटत नाही. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया चार वेगळ्या पत्र्यांवरून एकावर एक छापल्या जातात. रांगोळीचे चार छाप एकाच जागी बरोबर बसवायचे असावेत तसे हे काम आहे. एक छाप केसभर सरकला तरी कडेला दुसरी कड दिसू लागते. मोठ्या चित्रात ते खपून जाते, पण नखाएवढ्या चेहऱ्यावर अर्धा मिलिमीटर म्हणजे अख्खा ओठ असतो.

आकाराचाही मोठा वाटा आहे. कॅसेटच्या कार्डाची दर्शनी बाजू साधारण दहा सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद असते. एलपीच्या चौकोनाच्या तुलनेत ती जागा सुमारे पंधराव्या हिश्शाइतकी, शिवाय उभट. एलपीवर ऐसपैस वाटणारी मांडणी तिथे कोंबल्यासारखी दिसते. त्यात मंडळातल्या प्रत्येकाचे नाव हवे, देणगीदाराचे हवे, संपर्काचा क्रमांक हवा, शीर्षक दुरून वाचता यायला हवे आणि देव तर हवाच. हुमणाच्या एका मडक्यात घरातल्या प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने मीठ घातले तर जे होईल तेच इथे होते. मीठ घालण्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो.

लाकडी सैतान कोणत्या वर्गात बसतो?

कुरूप मुखपृष्ठांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत अमेरिकेतील लुव्हिन बंधूंचा १९५९ चा अल्बम असतो. आयरा आणि चार्ली हे दोघे भाऊ भक्तिगीते गाणारे होते आणि सैतान खरोखर अस्तित्वात आहे असे सांगणाऱ्या गाण्याचे नाव त्यांनी अल्बमला दिले होते. मुखपृष्ठासाठी आयराने स्वतःच्या हाताने प्लायवूडचा बारा फुटी सैतान कापून उभा केला. एका खाणीत जुने टायर रॉकेलमध्ये भिजवून पेटवले आणि त्या ज्वाळांच्या पुढे दोघे भाऊ पांढऱ्या सुटांत, हात पसरून, गात उभे राहिले. मागचा सैतान मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या देखाव्यासारखा सपाट दिसतो. जग त्याला हसते ते त्या सपाटपणामुळे.

मी ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले नाही, कारण तो सैतान मला ओळखीचा वाटला. हाताने केलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा, वाईटाचे रूप म्हणून उभा केलेला आणि आगीच्या सान्निध्यात ठेवलेला पुतळा आम्ही दरवर्षी पहाटे जाळतो. दशावतारातला संकासुरही काळ्या कापडी मुखवट्यातून लांब लाल जीभ बाहेर काढून येतो आणि तो खरा राक्षस दिसत नाही अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. प्रेक्षकाने ते रूप मानून घ्यायचे असते. लुव्हिन बंधूंच्या चित्रात हेतू ठरवून भयानकाचा होता आणि साधने घरगुती होती. जिथे असे मानून घेण्याची सवय आहे तिथे ते चित्र उभे राहते आणि जिथे ती सवय गेली आहे तिथे ते कोसळते.

‘पण आवड तर ज्याची त्याची असते ना?’

आवड ज्याची त्याची हे खरेच आहे. म्हणून मुखपृष्ठ आवडले की नाही, हा प्रश्न मी नंतर विचारतो. कोणाला काय सांगायचे होते आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचले का, हे आधी पाहिले तर आवडीचे भांडण बरेचसे मिटते. बुवांची कॅसेट जत्रेतल्या फेरीत हातोहात गेली, कारण देव कोणता आणि गाणारे कोण हे दहा पावलांवरून कळत होते. तिचे काम तिने चोख केले होते.

‘गाणे चांगले असले की झाले, कव्हर कशाला पाहायचे?’

या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी मला गोव्यातील केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांकडे जावे लागते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली, त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात भारतातून एकच गाणे आहे आणि ते केसरबाईंनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’, सुमारे साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी, दुसरे यान निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला त्या निवर्तल्या.

त्या तबकडीच्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर जे कोरले आहे ते प्रथमदर्शनी कमालीचे विचित्र दिसते. एका कोपऱ्यात वरून पाहिलेली तबकडी आणि सुई, तिच्याभोवती उभ्या-आडव्या रेघा. खाली एका बिंदूतून फुटलेली किरणांसारखी रेघांची जाळी. शेजारी दोन वर्तुळे. कुठेही चेहरा नाही, फूल नाही, गायिकेचे नावही नाही. हे आवरण ज्याच्या हाती पडेल त्याला आपली कोणतीही भाषा येत नसणार, हे गृहीत धरूनच ते आखलेले आहे. दोन वर्तुळे म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या दोन अवस्था. त्या बदलातून मिळणारा कालावधी हे घड्याळ आहे. रेघा सांगतात की त्या घड्याळाने मोजल्यास तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत व्हायला हवा. जाळीतल्या चौदा रेघा म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणारे चौदा तारे, ज्यांच्यावरून आपल्या सूर्याचा पत्ता काढता येईल. हे आवरण वाचता आले नाही तर आतली भैरवी कायम मुकीच राहील, कारण गती चुकली की सूरही चुकतो.

‘आता सगळे मोबाईलवरच ऐकतात, मग मुखपृष्ठाचे काय?’

इंटरनेटवर गाणे चढवताना आजही साधारण तीन हजार पिक्सेल लांबी-रुंदीचे चौकोनी चित्र मागितले जाते, आणि ऐकणारा ते यादीत बोटाच्या पेराएवढे पाहतो. म्हणजे जागेची अडचण कॅसेटच्या काळापेक्षा वाढली आहे. भर म्हणून संगणकाला चार ओळी सांगून चित्र करवून घेण्याची सोय आली आहे. तिच्यातून येणाऱ्या चित्रांमध्ये कात्रीच्या पांढऱ्या कडा नसतात, पण अनेकदा सहा बोटांचे हात, वाचता न येणारी देवनागरी आणि कोणाचेच नसलेले गुळगुळीत चेहरे असतात. मला ही नवी कुरूपता जास्त खुपते. बुवांचा कान गेला होता तरी चेहरा बुवांचाच होता.

कला अकादमीच्या भजन स्पर्धेत गाणाऱ्या एखाद्या मंडळाला आज स्वतःचे ध्वनिमुद्रण काढायचे असेल तर त्यांनी एकच छायाचित्र घ्यावे, ते सर्वांना एका उजेडात बसवून काढावे, नाव मोठ्या अक्षरांत एकदाच लिहावे आणि बाकीची नावे माहितीच्या रकान्यात द्यावीत. छापायला देण्यापूर्वी ते चित्र पेराएवढे करून हात लांब धरून पाहावे.

‘मग हसायचेच नाही का?’

हसू आले तर हसावे. नाट्यशास्त्राने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आहेत, त्यातले कोणते कधी शोभते याचाही विचार त्यात आहे. माझी विनंती इतकीच की हसून झाल्यावर चित्र आणखी दोन मिनिटे पाहावे.

मी स्वतः तसे उशिरा पाहिले. बुवांचे डोके एवढे लहान आणि अगदी तळाशी का, ही मला त्या कव्हरमधली सर्वांत मोठी चूक वाटत होती. काही वर्षांपूर्वी आतेभावांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की छापखान्यातल्या मुलाने आधी बुवांचा चेहरा मोठा करून देवाच्या बरोबरीने लावला होता. बुवांनी तो पाहिला आणि म्हणाले, “बाबा, मला खाली घे. विटेच्याही खाली.” दूधसागर, किनार, सावली आणि सरकलेला लाल रंग यांपैकी कशाविषयीही त्यांनी काही सांगितले नव्हते. त्या कार्डावर विचारपूर्वक ठरवलेली ती एकच गोष्ट होती.